रेडिओ सिग्नलवर वेळ लावून घेणारं भिंतीवरचं घड्याळ: सेल घालण्यापासून खिळ्यावर टांगेपर्यंत

पहिल्या दिवशी मी हे घड्याळ खोक्यातून काढलं, सेल घातला, तर काटे आपोआप गरागरा फिरायला लागले, बारावर येऊन थांबले आणि थांबलेच. पाच मिनिटं झाली, काही नाही. मी रिसेट दाबलं. परत तेच. तासाभरात चार वेळा रिसेट दाबलं, मग ठरवलं की पीस खराब आहे आणि परत करायला खोक्यात भरून टाकलं. सेल काढायचा मात्र राहून गेला, आणि खोकं रात्रभर खिडकीजवळच्या टेबलावर पडून होतं. सकाळी पट्टी लावायला म्हणून उघडलं तर घड्याळ चालू, आणि वेळ फोनशी सेकंदाला सेकंद जुळलेली.

त्यानंतर मी आणखी तीन घड्याळं लावली, दोन ओळखीच्यांकडे आणि एक ऑफिसात, आणि प्रत्येक ठिकाणी लोकांचा गोंधळ तोच झाला जो माझा झाला होता. म्हणून हे सगळं एका जागी लिहितेय. एक गोष्ट सुरुवातीलाच डोक्यात पक्की करा, हे आधी रेडिओ आहे आणि मग घड्याळ. घड्याळासाठी आपण भिंत शोधतो ती दिसायला बरी कुठे वाटेल ते बघून, पण याला भिंत शोधायची ती सिग्नल कुठे मिळतो ते बघून.

१. आधी समजून घ्या, आत चाललंय काय

आत साधंच क्वार्ट्झ यंत्र असतं, नेहमीच्या घड्याळात असतं तसंच. साधं क्वार्ट्झ दिवसाला साधारण अर्धा-एक सेकंद चुकू शकतं, महिन्याला पंधरा ते तीस सेकंद धरा. या घड्याळात जास्तीचं काय, तर एक छोटा रिसीव्हर आणि फेराइटची कांडी, म्हणजे काळ्या दगडासारखी दिसणारी छोटी दांडी आणि तिच्यावर गुंडाळलेली बारीक तांब्याची तार. हाच त्याचा अँटेना. तो रोज रात्री काही मिनिटं जागा होतो, सरकारी वेळेच्या स्टेशनचा सिग्नल ऐकतो, काटे बरोबर करतो आणि परत झोपतो. दिवसभर ऐकत बसला तर सेल लगेच संपेल, म्हणून असं केलेलं असतं.

सिग्नल कसा असतो ते कळलं की वाट बघायचा कंटाळा येत नाही, निदान मला तरी येईनासा झाला. स्टेशन दर सेकंदाला आपला आवाज क्षणभर कमी करतं असं समजा. जर्मनीच्या डीसीएफ ७७ नावाच्या स्टेशनमध्ये ०.१ सेकंद कमी केला तर शून्य आणि ०.२ सेकंद कमी केला तर एक. म्हणजे एका सेकंदाला एकच आकडा! मिनिट, तास, तारीख, वार, महिना, वर्ष हे सगळं सांगायला पूर्ण एक मिनिट लागतं, आणि ५९ व्या सेकंदाला मुद्दाम काहीच करत नाहीत, त्यावरून घड्याळाला कळतं की आता नवं मिनिट सुरू होणार. मध्येच कुठे खरखर आली आणि दोन-चार आकडे चुकले तर ते अख्खं मिनिट वाया, पुढच्या मिनिटाला पुन्हा पहिल्यापासून. आणि चुकीची वेळ लागू नये म्हणून बरीचशी घड्याळं लागोपाठ दोन-तीन मिनिटांचे आकडे एकमेकांशी जुळतात का ते तपासतात. म्हणून चांगला सिग्नल असला तरी तीन ते दहा मिनिटं लागतातच. मी दर पंधरा मिनिटांनी रिसेट दाबत होते तेव्हा त्याचं ऐकणं प्रत्येक वेळी मीच तोडत होते.

२. तुमचं घड्याळ कुठलं स्टेशन ऐकतं ते बघा

हे विकत घेण्याआधी बघायला हवं, पण घेतलंच असेल तर निदान लावण्याआधी बघा. जगात अशी स्टेशनं थोडकीच आहेत आणि भिंतीवरचं घड्याळ बहुतेक वेळा त्यातलं एकच ऐकतं.

- डीसीएफ ७७: जर्मनीत फ्रँकफर्टजवळ माइनफ्लिंगेन, ७७.५ किलोहर्ट्झ. १९५९ पासून चालू, तारीख-वेळेचा कोड १९७३ पासून. ताकद ५० किलोवॅट, आणि साधारण २००० किमीपर्यंत ऐकू येतं, म्हणजे युरोपचा बराचसा भाग.
- एमएसएफ: ब्रिटनमध्ये अँथॉर्न, ६० किलोहर्ट्झ. २००७ च्या आधी हे रग्बीहून चालायचं.
- डब्ल्यूडब्ल्यूव्हीबी: अमेरिकेत कोलोरॅडोमधलं फोर्ट कॉलिन्स, ६० किलोहर्ट्झ, १९६३ पासून.
- जेजेवाय: जपान. दोन जागा आहेत, फुकुशिमाकडून ४० किलोहर्ट्झ आणि क्यूशूकडून ६० किलोहर्ट्झ.
- बीपीसी: चीन, ६८.५ किलोहर्ट्झ.

इथे एक सापळा आहे. ब्रिटन, अमेरिका आणि जपान तिघांकडे ६० किलोहर्ट्झ आहे, त्यामुळे लोकांना वाटतं की घड्याळावर ६० लिहिलंय म्हणजे कुठेही चालेल. नाही चालत. फ्रिक्वेन्सी एक असली तरी आकडे सांगायची पद्धत तिघांची वेगळी आहे, एकाची भाषा दुसऱ्याच्या घड्याळाला कळत नाही. मल्टिबँड लिहिलेलं असेल तरच अनेक स्टेशनं चालतात, आणि ते मनगटी घड्याळांत जास्त दिसतं, भिंतीवरच्यात कमी.

दुसरा सापळा भेट आलेल्या घड्याळांचा. परदेशातून कोणी प्रेमाने भारतात आणतं आणि तिथे त्या स्टेशनचा सिग्नलच पोचत नाही. भारतात या घड्याळांना ऐकता येईल असं आपलं स्टेशन नाही. तेव्हा तिथे ते साधं क्वार्ट्झ घड्याळ म्हणून चालेल, आपोआप वेळ लावणार नाही. त्यावरचा उपाय शेवटी दिलाय.

३. जवळ काय काय ठेवायचं

- नवीन अल्कलाइन पेन्सिल सेल, घड्याळाला लागतील तेवढे. एक जास्तीचा असू द्या.
- घड्याळाचं माहितीपत्रक. हरवलं असेल तर मागच्या बाजूचा मॉडेल नंबर टिपून कंपनीच्या साइटवर शोधा.
- तुलनेसाठी फोन, त्यात वेळ आपोआप लावण्याचं सेटिंग चालू आहे ना ते बघून.
- नकाशा आणि होकायंत्र. फोनमधलं चालेल.
- एखादा जुना मीडियम वेव्ह रेडिओ मिळाला तर फार कामाचा आहे, का ते पुढे सांगते.
- खिळा-हातोडा लांब ठेवा. त्याचं काम आजच नाहीये.

४. सेल घाला, आणि हात मागे घ्या

अल्कलाइनच घाला. चार्जिंगचे सेल १.२ व्होल्टचे असतात, अल्कलाइन १.५ चे. काटे तेवढ्यावरही फिरतील म्हणून वाटतं सगळं ठीक आहे, पण रिसीव्हर आणि मोटर दोन्हीला जोर कमी पडतो आणि घड्याळ कधी सिग्नल पकडतं कधी नाही असं विचित्र वागतं. आधी वापरलेला सेल तर घालूच नका, नाहीतर नंतर दोष सेलचा का जागेचा हे शोधण्यात तुमचा आठवडा जाईल.

सेल घातला की काटे जोरात फिरून एका ठराविक जागी थांबतात, बहुतेकदा बाराला, काही घड्याळांत चार किंवा आठला पण. ही त्यांची सुरुवातीची जागा. इथे थांबले म्हणजे घड्याळ आता ऐकतंय. आकड्यांवालं डिजिटल असेल तर स्क्रीनवर टॉवरचं छोटं चित्र लुकलुकतं, सिग्नल मिळाला की ते स्थिर होतं.

आता मुख्य नियम: काट्याला बोट लावायचं नाही, कधीच नाही. घड्याळाला काटा कुठे आहे ते डोळ्याने दिसत नसतं, ते आतल्या दातांच्या चाकांवरून ओळखतं. तुम्ही काटा बोटाने सरकवलात तर चाक एकीकडे आणि काटा दुसरीकडे, आणि मग ते आयुष्यभर ठराविक मिनिटांनी चुकीचं दाखवत राहील आणि त्याला वाटत राहील की आपण बरोबर आहोत.

मागे साधारण तीन बटणं असतात. रिसेट म्हणजे सगळं विसरून पहिल्यापासून. वेव्ह किंवा रिसीव्ह नावाचं बटण म्हणजे आत्ता एकदा सिग्नल ऐक. सेट म्हणजे हाताने वेळ लावणं, ते काही सेकंद दाबून धरलं की काटा पुढे सरकायला लागतो. पहिल्या रात्री यातलं कुठलंच दाबायची गरज नाही.

५. जागा शोधा. सगळा खेळ इथे आहे

पहिली रात्र घड्याळ भिंतीवर नाही, खिडकीत. उभं ठेवा, आडवं झोपवू नका, कारण आतली कांडी घड्याळ उभं असेल असं धरून बसवलेली असते.

खिडकी कुठली? नकाशावर तुमच्या घरापासून स्टेशनपर्यंत रेघ ओढा आणि ती दिशा होकायंत्रावर बघा. फेराइटच्या कांडीला तिच्या लांबीच्या बाजूने, म्हणजे टोकाच्या दिशेने आलेला सिग्नल जवळजवळ ऐकूच येत नाही, आडव्या बाजूने आलेला सगळ्यात चांगला ऐकू येतो. भिंतीवरच्या घड्याळात कांडी बहुतेक वेळा आडवी, तबकडीला समांतर असते. म्हणजे सोप्या भाषेत, घड्याळाचं तोंड किंवा पाठ स्टेशनकडे हवी, कडा नको. स्टेशन पूर्वेला असेल तर पूर्वेची किंवा पश्चिमेची भिंत बरी, उत्तर-दक्षिणेच्या भिंतीवर अडचण. माझ्याकडे एकाच खोलीत एका भिंतीवर महिनाभर सिग्नल नव्हता आणि तिला लागून असलेल्या भिंतीवर पहिल्याच रात्री मिळाला, अंतर हातभर. तेव्हा मला हे खऱ्या अर्थाने पटलं.

मग अडथळे. या लहरी फार लांब असतात, ६० किलोहर्ट्झची एक लहर जवळजवळ ५ किलोमीटरची. विटांच्या भिंतीतून, लाकडातून, पुठ्ठ्यातून त्या आरामात येतात (म्हणून तर माझं खोक्यातलं घड्याळ लागलं). त्रास होतो तो धातूचा: पत्र्याचं छप्पर, लोखंडी कपाट, सळ्या भरलेली काँक्रीटची जाड भिंत, धातूची मोठी चौकट, तळघर.

आणि त्याहून जास्त त्रास विजेच्या वस्तूंचा. टीव्ही, कॉम्प्युटर, चार्जर, डिमर, स्वस्तातले एलईडी दिवे, इंडक्शन शेगडी, हे सगळे त्याच भागात खरखर सोडतात. निदान दोन मीटर अंतर ठेवा. भिंतीच्या पलीकडे काय आहे तेही बघा, आपल्याकडून भिंत रिकामी दिसते आणि मागच्या खोलीत नेमका तिथेच टीव्ही असतो, ऑफिसात आमचं हेच झालं होतं.

इथे तो जुना रेडिओ कामाला येतो. मीडियम वेव्हवर, जिथे कुठलं स्टेशन लागत नाही अशा जागी सुई ठेवा, आवाज वाढवा आणि रेडिओ हातात धरून खोलीत फिरा. जिथे घूंऽऽ किंवा खरखर जोरात येते तिथे घड्याळ लावू नका, जिथे शांत आहे तिथे लावा. एकेक चार्जर काढून बघा, गुन्हेगार दोन मिनिटांत सापडतो. पुस्तकी मापाची ही पद्धत नाही, पण मला आजवर तिने फसवलेलं नाही.

६. टाइम झोन आणि उन्हाळी वेळ

हे स्टेशनवर अवलंबून आहे. अमेरिकेचं स्टेशन जागतिक वेळ म्हणजे यूटीसी पाठवतं, आणि तुम्ही कुठल्या झोनमध्ये आहात ते घड्याळाला तुम्ही सांगायचं. मागे त्यासाठी छोटी बटणं किंवा सरकवायची कळ असते. ती हलवायची राहिली तर घड्याळ अगदी सेकंदापर्यंत बरोबर पण एक, दोन किंवा तीन तास चुकलेलं दिसेल. उन्हाळी वेळ (काही देशांत उन्हाळ्यात घड्याळं एक तास पुढे करतात ती) चालू-बंद करायची वेगळी कळ असेल तर तीही बघून घ्या.

जर्मनीचं स्टेशन मात्र थेट तिथली घड्याळवेळ पाठवतं, उन्हाळी वेळेसकट. त्यामुळे डीसीएफचं घड्याळ ब्रिटनमध्ये लावलं तर ते नेहमी एक तास पुढे. लोक हाताने एक तास मागे घेतात, रात्री ते सिग्नल ऐकतं आणि सकाळी परत एक तास पुढे! घड्याळात झोनचं सेटिंग असेल तरच हे सुटतं, नसेल तर एमएसएफचं घड्याळ घेणं हाच उपाय आहे.

वेळ बदलते त्या रविवारी सकाळी घाबरू नका. घड्याळ बदल तेव्हाच करेल जेव्हा त्याचं पुढचं ऐकणं होईल, त्यामुळे काही तास उशीर होऊ शकतो. आणि काही काट्यांची घड्याळं फक्त पुढेच फिरू शकतात, त्यांना एक तास मागे जायचं तर अकरा तास पुढे फिरावं लागतं. काटे बराच वेळ गरागरा फिरताना दिसले तर फिरू द्या, सेल काढू नका.

७. रात्र जाऊ द्या

दिवसा पंधरा-वीस मिनिटांत सिग्नल मिळाला तर उत्तम, नाही मिळाला तर विषय रात्रीवर सोडा. सूर्य मावळल्यावर वातावरणातला वरचा थर बदलतो आणि या लहरी लांबपर्यंत चांगल्या पोचतात, शिवाय घरातल्या, शेजारच्या बऱ्याच वस्तू बंद असतात. म्हणूनच घड्याळं स्वतःहून मध्यरात्रीनंतर, एक ते चारच्या दरम्यान ऐकतात, आणि एकदा नाही जमलं तर तासाभराने परत प्रयत्न करतात.

स्टेशन लांब असेल तर सलग दोन-तीन रात्री द्या. खिडकीत लागलं की मग भिंतीवर न्या, खिळा न ठोकता आधी एखाद्या स्टुलावर किंवा कपाटावर त्या भिंतीला टेकवून एक रात्र ठेवा, सकाळी वेव्ह बटणाने किंवा स्क्रीनवरच्या टॉवरने खात्री करा, आणि मगच खिळा.

८. वेळ चुकतेय? चूक कशी आहे त्यावरून कारण ओळखा

मला हा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण "घड्याळ चुकतंय" एवढ्यावरून काहीच कळत नाही.

बरोबर पूर्ण तासांनी चुकतंय, मिनिटं-सेकंद अचूक: झोन किंवा उन्हाळी वेळेचं सेटिंग. सिग्नल उत्तम येतोय, जागा अजिबात बदलू नका.

रोज तेवढ्याच मिनिटांनी चुकतंय, समजा कायम चार मिनिटं पुढे: काटा जागेवरून सरकलाय. रिसेट करा आणि काटे थांबल्यावर नीट बघा. बरोबर बारावर, किंवा तुमच्या घड्याळाची जी सुरुवातीची जागा असेल तिथे, थांबायला हवेत. चार मिनिटं पुढे थांबले तर दोष तिथेच आहे. काही मॉडेलमध्ये काटे बारावर आणून बसवायची सोय असते, ती माहितीपत्रकात बघा, नसेल तर दुरुस्तीला द्या.

थोडं थोडं करत चूक वाढतेय, या आठवड्यात चार सेकंद, महिन्यात पंधरा: सिग्नल मिळतच नाहीये आणि ते नुसतं क्वार्ट्झवर चाललंय. पाचवी पायरी परत करा. हे फार लोकांच्या लक्षात येत नाही कारण घड्याळ दिसायला ठीक चालू असतं. म्हणून महिन्यातून एकदा फोनशी ताडून बघा.

काहीच्या काही वेळ, सात वाजता चार वाजून बावीस: आधी सेल बदला. तरीही तेच झालं तर खरखरीतून चुकीचा कोड वाचला गेलाय, जागा बदलून रिसेट करा. सेल काढून लगेच घालू नका, आत थोडी वीज साठून राहते आणि घड्याळ अर्धवट जागं राहतं. पाच मिनिटं बाहेर ठेवा, मध्ये एखादं बटण दोन-चार वेळा दाबा, मग घाला.

अर्धा-एक सेकंदाचा फरक असेल तर सोडून द्या, तो बहुतेक फोनचा किंवा तुमच्या डोळ्याचा असतो. सिग्नलला २००० किलोमीटर यायला सुद्धा सेकंदाच्या शंभराव्या भागापेक्षा कमी वेळ लागतो, तेव्हा लांब राहता म्हणून घड्याळ मागे पडत नाही.

९. सिग्नल पोचतच नाही अशा ठिकाणी राहता तर

तीन रस्ते आहेत. पहिला, सेट बटणाने हाताने वेळ लावा आणि साधं घड्याळ म्हणून वापरा. मॉडेलमध्ये सिग्नल ऐकणं बंद करायची सोय असेल तर बंद करा, सेल जास्त टिकेल.

दुसरा, फोनवरचं अ‍ॅप. अशी अ‍ॅप्स आहेत जी फोनच्या स्पीकरमधून किंवा इअरफोनच्या वायरमधून स्टेशनची नक्कल करतात. फोन काही ६० किलोहर्ट्झचा आवाज काढू शकत नाही, म्हणून ती २० किलोहर्ट्झचा काढतात, त्याच्या तिप्पट फ्रिक्वेन्सीवर जो अगदी क्षीण अंश उमटतो तो घड्याळाला पुरतो. फोन घड्याळाला चिकटवूनच ठेवावा लागतो, आवाज पूर्ण मोठा, अ‍ॅपमध्ये स्टेशन तेच निवडायचं जे घड्याळ ऐकतं, आणि मग वेव्ह बटण दाबून दहा मिनिटं हलवायचं नाही. इअरफोन कानात घालून हे करू नका, ऐकू आलं नाही तरी आवाज मोठा असतो. याचा एक फायदा असा की अ‍ॅपमधून तुम्ही हवी ती स्थानिक वेळ पाठवू शकता, त्यामुळे यूटीसीपासून अर्ध्या तासाचा फरक असलेल्या भागातही, जिथे घड्याळात तसं सेटिंगच नसतं, वेळ बरोबर लागते. तोटा म्हणजे रोज रात्री आपोआप होत नाही, महिन्या-दोन महिन्यांनी तुम्हाला करावं लागतं.

तिसरा, अजून घेतलंच नसेल तर वाय-फाय किंवा जीपीएसवर वेळ लावणारं घड्याळ घ्या. वायफायचं कुठेही चालतं, फक्त राउटरचा पासवर्ड बदलला की त्यालाही सांगायला लागतं, आणि सेलवर चालणारी कमी मिळतात.

१०. लावल्यानंतर

सेल वर्षातून एकदा बदला, संपायची वाट बघू नका, कारण सेल मंदावला की आधी रिसीव्हर थकतो आणि काटे नंतर. सेल गळला तर आतल्या पट्ट्या गंजतात. ज्या दिवशी बदलाल ती तारीख घड्याळाच्या पाठीवर छोट्या चिठ्ठीवर लिहून चिकटवा, आणि घड्याळ कुठलं स्टेशन ऐकतं तेही त्याच चिठ्ठीवर लिहा. पुढच्या वेळी सेल दुसरं कोणी बदलणार असेल तर काटे बाराला थांबल्यावर रिसेट दाबू नये, एवढं त्यांना आधीच सांगून ठेवा.